एकाच अल्मनॅकच्या आठ प्रती कशाला जपायच्या?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांत सतराव्या-अठराव्या शतकातली तिथलीच छापील पुस्तकं आणि अल्मनॅक, म्हणजे त्यांची पंचांगं, हजारोंनी ठेवलेली आहेत. त्यातली बरीचशी आता संगणकावर पाहता येतात. मग एकाच वर्षाच्या एकाच अल्मनॅकच्या सहा-आठ प्रती, त्याही फाटक्या, डागाळलेल्या, एवढा खर्च करून थंड खोल्यांत कशासाठी जपायच्या? त्यातली एक चांगली ठेवून बाकीच्या देऊन टाकल्या तर काय बिघडलं?

मी अशाच एका ग्रंथालयात जुन्या अमेरिकन छपाईची सूची करते. या कामात बावीस वर्षं गेली आणि या प्रश्नाचं उत्तर मी दर आठवड्याला कुणाला तरी देत असते. आठ प्रती ठेवतो, कारण त्या आठ वेगळ्या वस्तू असतात. छापलेला मजकूर एक असतो, पण तो एका घरात वर्षभर वापरला गेला की त्या प्रतीचं वेगळंच काहीतरी होतं.

आपल्या घरातलं कालनिर्णय आठवा. दूध किती आलं, सिलिंडर कधी लावला, कामवाल्या मावशी कुठल्या दिवशी आल्या नाहीत, आत्याबाईंचं ऑपरेशन कधी झालं, सगळं त्या चौकटींत पेननं लिहिलेलं असतं. वर्ष संपलं की ते रद्दीत जातं. दोनशे वर्षांनी कुणाला आपल्या घरातला रोजचा खर्च समजून घ्यायचा असेल, तर छापील एकादशी-चतुर्थीचा त्याला फार उपयोग नाही, कारण ती लाखो प्रतींत एकच आहे. दुधाचा हिशोब मात्र फक्त आपल्या भिंतीवरच्या प्रतीत होता. अमेरिकन अल्मनॅकची गोष्ट नेमकी हीच आहे, फक्त त्यातल्या काही प्रती रद्दीतून वाचल्या.

त्या अल्मनॅकमध्ये असायचं काय, तेही सांगते. चोवीस-बत्तीस पानांची, दोऱ्यानं टाचलेली पातळ पुस्तिका. प्रत्येक महिन्याला एक पान. तारीख, वार, सूर्योदय-सूर्यास्त, चंद्र कुठल्या राशीत, भरती किती वाजता, हवामानाचा अंदाज. मागे न्यायालयांच्या बैठकांचे दिवस, गावागावांमधली अंतरं आणि वाटेतल्या खानावळी, व्याजाची कोष्टकं, खोकल्यावरचा काढा, चार ओळी कविता. पुढच्या पानांत बहुतेक वेळा एक उघडा माणूस काढलेला असतो आणि त्याच्या अवयवांवर राशी वाटलेल्या असतात, मेष डोक्यावर, मीन पावलांवर. आपल्या ज्योतिषातला कालपुरुष ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा लगेच ओळखू येईल. दोन्हींचं मूळ जुन्या ग्रीक ज्योतिषापर्यंत जातं. चंद्र ज्या राशीत, त्या अवयवाचं रक्त त्या दिवशी काढू नये असा नियम होता. शेतकरी पेरणी आणि जनावरांची खच्ची करण्याचे दिवसही यावरून ठरवत. बऱ्याच घरांत बायबलनंतरचं एकमेव छापील पुस्तक हेच असायचं.

रोज हाताळलं जाणारं पुस्तक टिकत नाही. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींत पहिला छापखाना मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी १६३८-३९ मध्ये निघाला. तो आणणारे पाद्री जोस ग्लोव्हर समुद्रप्रवासातच वारले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी यंत्र उतरवून घेतलं आणि कुलपं बनवणारा कारागीर स्टीफन डे ते चालवू लागला. वसाहतीचे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप यांनी रोजनिशीत छपाईचा क्रम लिहून ठेवला आहे: आधी नागरिकांच्या शपथेचा कागद, मग विल्यम पिअर्स नावाच्या दर्यावर्दी माणसानं केलेला अल्मनॅक, मग पद्यात आणलेली स्तोत्रं. यातल्या शपथेची एकही मूळ प्रत आज नाही. पहिल्या अल्मनॅकचीही नाही. तिसऱ्या पुस्तकाच्या, म्हणजे १६४० च्या ‘बे साम बुक’च्या, १७०० प्रती छापल्या होत्या आणि त्यातल्या ११ उरल्या. त्यातली एक २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ४१ लाख डॉलरच्या वर गेली. लोक या आकड्यानं थक्क होतात. मला मात्र त्या पिअर्सच्या अल्मनॅकचं जास्त वाईट वाटतं. एका दर्यावर्दी माणसानं त्या किनाऱ्यासाठी मांडलेलं ते वर्ष पुन्हा कधीच वाचता येणार नाही.

या रिकाम्या जागा धोकादायकही असतात. १९८५ मध्ये मार्क हॉफमन नावाच्या युटाच्या माणसानं ती हरवलेली शपथ सापडल्याचं जाहीर केलं आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसपुढे ती विकायला ठेवली. किंमत सांगितली १५ लाख डॉलर. ‘बे साम बुक’च्या प्रतिकृतीतली अक्षरं वापरून त्यानं तिचा ठसा स्वतःच बनवला होता. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याच नावाचा, आपणच छापलेला एक कवितेचा कागद हळूच ठेवून, मग तो २५ डॉलरला विकत घेऊन त्यानं पावतीही मिळवली होती, म्हणजे कागद कुठून आला हे विचारणाऱ्याला दाखवता यावं. आपली लबाडी उघडी पडू नये म्हणून त्याच वर्षी त्यानं सॉल्ट लेक सिटीत बॉम्ब ठेवले आणि दोन माणसं मारली. १९८७ मध्ये त्यानं गुन्हे कबूल केले. असा कागद समोर आला की आम्ही तो कशाशी ताडून पाहतो? त्याच छापखान्यातून त्याच काळात निघालेल्या खऱ्या प्रतींशी. खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची, झीज, शाई कागदात किती मुरली आहे, अक्षरांचा दाब मागच्या बाजूला बोटाला जाणवतो का, हे सगळं मूळ कागदावरच कळतं. त्यातही एक प्रत पुरत नाही, कारण एकाच दिवशी छापलेल्या दोन कागदांवरही दाब आणि शाई थोडी वेगळी असते.

आता स्कॅनकडे येते. ग्रंथपाल चार्ल्स इव्हान्स यांनी १९०३ पासून अमेरिकेत छापलेल्या प्रत्येक गोष्टीची वर्षवार यादी छापायला घेतली. १६३९ पासून सुरुवात करून १८२० पर्यंत जायचं होतं, पुढे ते १८०० पर्यंतच ठरलं. १९३५ मध्ये ते गेले तेव्हा १७९९ चं ‘एम’ अक्षर झालं होतं. पुढचं काम क्लिफर्ड शिप्टन यांनी पुरं केलं आणि यादी ३९,१६२ नोंदींवर थांबली. आजही आम्ही ‘इव्हान्स क्रमांक काय?’ असंच विचारतो. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या, जुनी छपाई जपणाऱ्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या साथीनं या यादीतल्या पुस्तकांची सूक्ष्मचित्रं काढली गेली. संगणकावर आज जे दिसतं त्यातलं पुष्कळसं त्या सूक्ष्मचित्रांवरूनच आलं आहे. एका क्रमांकाला एक प्रत, तीही काळ्या-पांढऱ्यात. फिकट तपकिरी झालेली दोनशे वर्षांपूर्वीची शाई अशा चित्रात अनेकदा उमटतच नाही. पडद्यावर समास कोरा दिसतो, आणि प्रत समोर घेतली की तोच समास बारीक अक्षरांनी भरलेला असतो. माझ्याकडे एका संशोधक बाईंनी असाच कोरा अल्मनॅक मागितला होता, त्यांना फक्त छापील ग्रहणाची वेळ तपासायची होती. पान उघडलं तर मार्च ते जून गाय कधी व्याली, बटाटे कधी लावले, शेजारणीच्या बाळंतपणाला कोण गेलं, याच्या रोज दोन-दोन ओळी. त्या दुपारी ग्रहण बाजूलाच राहिलं.

इव्हान्स यांच्या यादीचं आणखी एक दुखणं आहे. त्यांनी प्रत्येक पुस्तक डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात ‘नुकतंच छापलं’ अशी जाहिरात दिसली की नोंद केली. एखादा अल्मनॅक १७४१ आणि १७४३ सालचा सापडला, तर मधल्या वर्षीही निघालाच असणार असं धरून १७४२ ची नोंद केली. अशा नोंदींना आम्ही भुतं म्हणतो. नाव आहे, क्रमांक आहे, पण पुस्तक बहुधा कधी झालंच नव्हतं. उलटही घडतं. यादीत नसलेली पुस्तिका कुणाच्या माळ्यावर निघते, किंवा जुन्या पुस्तकाची बांधणी उकलताना पुठ्ठ्याच्या आत मिळते, कारण न खपलेले फर्मे, म्हणजे छापलेले सुटे कागद, बांधणीवाले पुठ्ठे भरायला वापरत. भूत खरं ठरलं की आमच्याकडे तो दिवस सणासारखा असतो.

कुणी म्हणेल, हस्ताक्षर नसलेल्या प्रतींचं काय? त्यांचाही उपयोग आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांचा ‘पुअर रिचर्ड’ घ्या. १७३३ सालासाठीचा पहिला अंक १७३२ च्या डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियात निघाला आणि मागणी इतकी आली की तो पुन्हा छापावा लागला. वर्षाला दहा हजारांच्या आसपास प्रती खपायच्या असं फ्रँकलिन आत्मचरित्रात सांगतात. त्या पहिल्या अंकाच्या अगदी पहिल्या छपाईची एकच प्रत आता ठाऊक आहे, फिलाडेल्फियातल्या रोझेनबाख संग्रहालयात. पहिली, दुसरी, तिसरी छपाई कुठली हे ठरवायला प्रती शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात. एखादं अक्षर मोडलेलं, एखादी ओळ सरकलेली, चुकलेला पृष्ठक्रमांक पुढे दुरुस्त केलेला. आपली प्रत ‘जादा’ आहे हे ज्यांनी घाईनं ठरवलं, त्यांनी पुष्कळदा वेगळी छपाईच विकून टाकली. पूर्वीच्या काळी बऱ्याच संस्थांनी हे केलं. त्याहून मोठं नुकसान बांधणीनं केलं. एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांना पाच-पंचवीस वर्षांचे अल्मनॅक एका चामडी खंडात हवे असत. मग मूळ दोरा काढायचा, कडा यंत्रानं एकसारख्या कापायच्या. त्या कडांबरोबर समासातल्या नोंदींची अर्धी अक्षरं गेली. मी एका खंडात सलग सतरा वर्षं एकाच माणसाच्या नोंदी पाहिल्या आहेत, आणि त्या सतराही वर्षांत प्रत्येक ओळीची शेवटची दोन अक्षरं कापलेली आहेत. तो खंड हाती आला की अजूनही जीव हळहळतो.

काही लोक तर मुद्दाम कोरी पानं घालून अल्मनॅक शिवून घेत. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७६० च्या दशकातल्या रोजनिश्या अशाच ‘व्हर्जिनिया अल्मनॅक’मध्ये घातलेल्या कोऱ्या पानांवर आहेत. छापील महिना एका बाजूला, माणसाचा महिना दुसऱ्या बाजूला.

प्रतींचं वेगळेपण सगळ्यात खोलवर कळतं ते जॉन एलियट यांच्या बायबलमध्ये. १६६३ मध्ये केंब्रिजला पूर्ण झालेलं हे बायबल इंग्रजीत नाही, तिथल्या मूळनिवासींच्या वाम्पानोआग भाषेत आहे. सॅम्युअल ग्रीन आणि मार्मड्यूक जॉन्सन हे मुद्रक, आणि त्यांच्यासोबत खिळे जुळवणारा वोवाउस नावाचा निपमक जमातीचा तरुण, जो पुढे जेम्स प्रिंटर म्हणून ओळखला गेला. अमेरिका खंडात छापलेलं पहिलं संपूर्ण बायबल हेच. हे भाषांतर धर्मप्रसारासाठी झालं, हे खरं. पण त्याच्या काही प्रती मूळनिवासी कुटुंबांच्या हातांत होत्या आणि त्यांनी समासांत आपल्या भाषेत लिहिलं: हे पुस्तक माझं, अमुक दिवशी अमुक झालं, देवाकडे केलेलं गाऱ्हाणं. छापील मजकुरात एलियट यांची भाषा आहे. समासात ती बोलणाऱ्यांची. पुढे ही भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. १९९० च्या दशकात जेसी लिटल डो बेअर्ड आणि त्यांच्या समाजानं ती पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा हेच बायबल, समाजातल्या लोकांनी त्या भाषेत लिहिलेले जमिनीचे कागद आणि असल्या नोंदी हाताशी होत्या. बेअर्ड यांची मुलगी लहानपणापासून ही भाषा बोलत वाढली. आता सांगा, यातली कुठली प्रत जादा म्हणून द्यायची?

बेंजामिन बॅनेकर यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. मेरीलँडमधला हा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी, जन्म १७३१ चा. शेजारच्या जॉर्ज एलिकट यांनी दिलेली पुस्तकं आणि उपकरणं घेऊन साठीच्या सुमारास खगोलगणित शिकला आणि १७९२ सालासाठीचा अल्मनॅक त्यानं स्वतः गणित करून तयार केला. १९ ऑगस्ट १७९१ रोजी त्यानं त्याची हस्तलिखित प्रत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसन यांना पाठवली. सोबतच्या पत्रात गुलामगिरीबद्दल सरळ विचारलं: सगळी माणसं समान आहेत असं लिहिणारा माणूस इतक्या माणसांना बंधनात कसं ठेवू शकतो? जेफरसन यांचं उत्तर ३० ऑगस्टचं आहे. त्यांनी ती प्रत पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या सचिवांकडे पाठवत असल्याचं त्यात कळवलं. ही पत्रं पुढे छापून लोकांपर्यंत गेली. १७९७ पर्यंत बॅनेकर यांचे अल्मनॅक निघत राहिले. बाल्टिमोर, फिलाडेल्फिया अशा वेगवेगळ्या गावच्या मुद्रकांनी ते छापले, आणि कुठल्या मुद्रकानं प्रस्तावनेत काय लिहिलं, कुणी लेखकाचं चित्र घातलं, हे ठिकाणाठिकाणी बदलतं. १८०६ मध्ये त्यांना पुरत होते त्याच दिवशी त्यांचं घर जळालं. त्यांची गणिताची वही आधीच एलिकट कुटुंबाकडे गेली होती म्हणून राहिली.

टिकण्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे की जुनं ते जास्त नाजूक. कागदाच्या बाबतीत बहुतेक वेळा उलटं असतं. त्या काळचा कागद लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या, चिंध्यांचा. फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउनला विल्यम रिटनहाउस यांनी १६९० मध्ये वसाहतींतली पहिली कागदगिरणी काढली. पुढे फ्रँकलिन यांच्या पत्नी डेबोरा कागदवाल्यांसाठी जुन्या चिंध्या विकत घेत असत. हा कागद आजही हाताला कापडासारखा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद आला आणि तिथपासूनची पानं मोडू लागतात. १७६० चा अल्मनॅक मी निवांत उघडते, १८९० चा उघडताना श्वास रोखते. आमचं जपणं फार गाजावाजाचं नसतं: थंड, कोरडी, पण फार कोरडी नाही अशी हवा, आम्लरहित पेट्या, फाटलं असेल तर जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या खळीचं पाणी, जे पुढे कुणालाही सोडवता यावं. डाग आम्ही शक्यतो काढत नाही. अंगठ्याचा काळा डाग कुठल्या पानावर आहे त्यावरून ते घर काय पाहत होतं ते कळतं. मी पाहिलेल्या प्रतींत तो बहुधा भरती-ओहोटीच्या किंवा न्यायालयाच्या दिवसांच्या पानावर असतो.

हे सगळं काम जिथून सुरू झालं ती अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी एका मुद्रकानंच काढली. आयझाया थॉमस, बॉस्टनचे. १७७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध पेटायच्या बेतात असताना त्यांनी आपला छापखाना रातोरात वूस्टरला हलवला. पुढे स्वतःही अल्मनॅक छापले, अमेरिकेतल्या छपाईचा इतिहास लिहिला आणि १८१२ मध्ये स्वतःची हजारो पुस्तकं देऊन संस्था उभी केली. ज्यानं आयुष्यभर वर्षाअखेरीस फेकल्या जाणाऱ्या वस्तू छापल्या, त्यालाच त्या फेकू नयेत असं वाटलं. मला हा माणूस फार आवडतो.

यात आपला एक धागाही आहे. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डानं पाठवलेले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि थोड्याच वर्षांत त्यांचा छापखाना मराठी छापू लागला. ते काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला, आणि पहिलं छापील मराठी पंचांग काढलं. अमेरिकन बोर्डाची कागदपत्रं आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, म्हणजे स्टीफन डेचा छापखाना जिथे होता त्याच केंब्रिजमध्ये. आपल्या वाड्यांमधल्या जुन्या पंचांगांच्या समासांत मुलांच्या जन्मवेळा, उसनवारी, देवाचे नवस लिहिलेले असतात. तुमच्या घरी असं एखादं असेल तर कसर लागलेली असली तरी कडा कापून बांधायला देऊ नका. जसं आहे तसं स्वच्छ कोरड्या कागदात गुंडाळून सपाट ठेवा.

आणि कधी अमेरिकेत एखाद्या अशा ग्रंथालयात जायचं झालं, तर शीर्षक आणि वर्ष देऊन आधी लिहा. १७३३ चा अल्मनॅक १७३२ मध्ये छापलेला असतो, त्यामुळे दोन्ही वर्षं शोधा. १७५२ पूर्वीच्या इंग्रजी तारखांत जानेवारी ते २४ मार्च हे दिवस कायद्यानं आदल्या वर्षात मोजले जात, म्हणून १७३१/२ असं दुहेरी वर्ष दिसलं तर गोंधळू नका. त्या १७५२ च्याच अल्मनॅकमध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर येतो, ती छपाईची चूक नाही, तेव्हा पंचांगच बदललं होतं. ‘या अंकाच्या तुमच्याकडे किती प्रती आहेत, आणि कुणात हस्ताक्षर आहे?’ एवढं विचारा. सूचीत ते ‘या प्रतीविषयी’ अशा टिपेत असतं, आणि नसलं तर माझ्यासारखं कुणीतरी पेटी उघडून पाहून सांगतं. हातमोजे लागत नाहीत, हात धुवून कोरडे करून या. पेन बाहेर राहील, पेन्सिल चालेल. प्रत फोमच्या उतरत्या गादीवर ठेवून देतील. मग पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. शेवटचं पान आधी उलटा, कारण डिसेंबरमध्ये जागा संपत आली की घरातली माणसं तिथेच लिहीत.